पाण्याखाली ऐकू आलं ते

अंदमानला जाऊन आलो म्हटलं की मराठी माणूस आधी विचारतो, तुरुंग पाहिलात का. पाहिला. त्या लांब व्हरांड्यात उभं राहून जे वाटतं ते अनेकांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहून ठेवलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतर दोन दिवसांनी स्वराज द्वीपाजवळ एका लाकडी बोटीत काढलेल्या दिवसाबद्दल. अजूनही कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या घरात दुपारी डोळा लागता लागता अंथरूण हलकेच डुलतंय असं वाटतं, ते त्या दिवसामुळे.

आधी आमच्याविषयी सांगायला हवं. मी बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी बदली होऊन कोलकात्याला आलो. मी कऱ्हाडचा, माझी बायको वैजयंती रत्नागिरीची. मुलगी बंगळूरला नोकरी करते. आणि मला कमी ऐकू येतं. चाळिशीनंतर हळूहळू ऐकू येणं गेलं, वडिलांचंही तसंच गेलं होतं. उजव्या कानात यंत्र घालतो. त्यानं आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

कमी ऐकणारा माणूस अर्धं ऐकतो आणि अर्धं ओळखतो. मराठीत मला ओळखता येतं. समोरचा काय बोलणार हे ओठांवरून, चेहऱ्यावरून, प्रसंगावरून जुळवता येतं. बंगालीत जुळवायला हाताशी काहीच नव्हतं. चार वर्षांत वैजू मासळीबाजारात घासाघीस करण्याइतकी आणि शेजारणींशी रुसण्याइतकी बंगाली शिकली, मी काहीच शिकलो नाही. कोलकाता माझ्यासाठी आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं होतं. माणसं हसायची, वाद घालायची, पूजेत ढाक, तिकडचे मोठे ढोल, वाजायचे तेव्हा छातीत नुसता दणका बसायचा. दिसायला सगळं सुंदर. मी मात्र काचेच्या अलीकडे.

कानाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आतली नस चांगली आहे, कानातलं एक बारीकसं हाड कडक झालंय, ऑपरेशननं बराच फरक पडेल. मी विश्वास ठेवला नाही. नस चांगली असती तर ऐकू आलं नसतं का, असं माझं म्हणणं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

अंदमानला निघण्याच्या पंधरा दिवस आधी सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी मला विचारलं, सरस्वतीपूजेला जेवण वाढायला याल का? मी म्हणालो, "नको, आम्ही घरूनच जेवून आलोय." सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. त्यानंतर कुणी माझ्याकडे वळलं की त्यानं तोंड उघडायच्या आत वैजूच उत्तर देऊ लागली. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "मी मेलोय का? माझ्या वतीनं बोलत जाऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं."

ती तिच्या शब्दाची पक्की आहे. विमानतळावर, हॉटेलात, जहाजाच्या तिकिटाच्या रांगेत माणसं माझ्याशी बोलत, मी तिच्याकडे बघे आणि ती शांतपणे समोर बघत उभी राही. सहल मुलीनं ठरवून दिली होती म्हणून आम्ही आलो होतो, एवढंच.

जेट्टीवर

सकाळी साडेसातला जेट्टीवर पोचलो. पाण्याचा रंग कसा होता हे सांगणं कठीण आहे. काठाशी तो रंगच नव्हता, बोटीची सावली सरळ तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती, आणि बोट पाण्यावर नसून हवेतच थांबलीय असं वाटत होतं. थोडं पुढे कच्च्या कैरीच्या गरासारखा फिका हिरवा, आणि त्याही पलीकडे शाईचा.

बोटवाले निर्मलदा साठीच्या आसपासचे, लुंगी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले. त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आले, कोलकात्याच्या गोदीतून जहाजात बसले आणि इथे जंगल तोडून शेती करू लागले. स्वतः निर्मलदांनी कोलकाता एकदाच पाहिलंय, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. हे सगळं ते वैजूला बंगालीत सांगत होते आणि तिनं ते मला नंतर सांगितलं. वाटाड्या म्हणून सायमन होता, पस्तिशीचा, अंगानं काटक. त्याचे लोक रांचीकडचे. बरोबर इंदूरचं एक चौकोनी कुटुंब होतं, नवराबायको आणि दोन शाळकरी मुली.

निघण्यापूर्वी सायमननं सूचना दिल्या. हिंदीत बोलत होता, पण बोलताना तोंड समुद्राकडे. हात लांब करून काहीतरी दाखवलं, गळ्यातली शिट्टी उचलून दाखवली, बोटं वर केली. माझ्यापर्यंत फक्त 'कोरल', म्हणजे प्रवाळ, आणि 'हाथ नहीं लगाना' एवढंच पोचलं. शेवटी त्यानं सगळ्यांकडे वळून विचारलं, समझ गये? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. "कळलं ना सगळं?"

"हो."

ती बोटीत चढली.

पहिलं पाणी

बेट डाव्या हाताला ठेवून बोट संथ चालली होती. काठावर उंचच उंच झाडं, आणि वाळूत त्सुनामीत पडलेल्या झाडांची पांढरी पडलेली खोडं आडवी. ऊन कोवळं होतं. इंजिनाचा आवाज मला ऐकू येत नव्हता, फळीतून पाठीच्या कण्यात येत होता, आणि त्यानं डोळे मिटत होते. कुठे जायची घाई नसलेलं असं वाहन मी बऱ्याच वर्षांत अनुभवलं नव्हतं.

नांगर टाकला तिथे पाणी दोन पुरुष खोल असेल. मी यंत्र काढून वैजूच्या डबीत ठेवलं. जगाचा आवाज आणखी खाली गेला. मग मिशीचा घोटाळा झाला. काचेचा मुखवटा तोंडावर घट्ट बसेना, मिशीच्या केसांतून पाणी आत येई. सायमननं दोनदा पट्टा आवळला, शेवटी त्यानं खिशातून व्हॅसलिन काढलं आणि माझ्या मिशीला न्हाव्यासारखं चोळलं. इंदूरच्या मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. वैजूही हसली. त्या बैठकीनंतर पहिल्यांदा.

सगळ्यांना तरंगायची जाकिटं होती. वैजूनं आणि इंदूरकरांनी सायमनचं हवा भरलेलं तरंगतं कडं धरलं. मी कृष्णेत पोहायला शिकलेला, मी म्हणालो मला कडं नको. शिडीवरून उतरलो, तोंडात नळी धरली आणि चेहरा पाण्यात घातला.

खाली जे दिसलं ते सगळ्यांनाच दिसतं. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी, सांबराच्या शिंगांसारखी, मेंदूसारखी प्रवाळं. निळ्या माशांचा थवा एकदम वळतो आणि वळताना क्षणभर नाहीसा होतो. उन्हाची जाळी वाळूवर हलत असते. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. मला ऐकू येत होतं.

आधी वाटलं, कानात पाणी गेलंय. मग नीट लक्ष दिलं. सगळीकडून बारीक तडतड येत होती. गरम तेलात मोहरी पडावी तशी, पण न थांबणारी, सगळ्या समुद्रभर पसरलेली. त्यात अधूनमधून एक स्पष्ट कुरुम्, कुरुम्. शोधलं तर एक हिरवा-गुलाबी मासा, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडत होता. पोपटमासा. कुणीतरी शेजारी बसून फुटाणे खावेत इतका तो आवाज जवळचा होता. मी चेहरा वर काढला, सगळं गप्प. खाली घातला, पुन्हा तडतड. असं मी चार-पाच वेळा केलं. एखाद्या खोलीचं दार उघडावं, लावावं, उघडावं तसं.

तेवढ्यात मागून ठण् ठण् ठण् असा लख्ख आवाज आला. मी वळून पाहिलं. निर्मलदा बोटीची लोखंडी शिडी हातोड्यानं ठोकत होते, तिचा खालचा खिळा सैल झाला होता. मी पुन्हा माशाकडे वळलो. वैजू कड्याला धरून माझ्याकडेच बघत होती, मुखवट्याच्या काचेमागे तिचे डोळे मोठे दिसत होते.

बोटीवर परत आल्यावर तिनं टॉवेल देता देता अगदी समोर येऊन म्हटलं, "शिडी ठोकली तेव्हा तुम्ही वळलात."

"आवाज आला म्हणून."

"पाठीमागून?"

"हो. त्यात काय?"

तिनं यंत्राची डबी उघडून माझ्यापुढे धरली.

वाळूवर

दुपारी बोट एका किनाऱ्याला लागली. तिथे पाण्यातले सगळे खेळ होते. वेगानं फिरणाऱ्या स्कूटर होत्या, डोक्यावर काचेचं शिरस्त्राण घालून तळावर चालायची सोय होती, दोरीनं ओढली जाणारी लांबट पिवळी रबरी बोट होती. इंदूरच्या मुलींनी वैजूला ओढून त्या पिवळ्या बोटीवर बसवलं. वळणावर ती उलटली आणि सगळे पाण्यात पडले. मला लांबून दिसलं, वैजू पाण्यात तरंगत आकाशाकडे तोंड करून हसतेय. तिचं हसणं मला ऐकू येत नव्हतं, पण ते कसं ऐकू येतं हे मला आठवलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती अशी हसायची, घसा भरून.

जेवण निर्मलदांच्या घरून डब्यात आलं होतं. केळीच्या पानावर भात, आधी डाळ आणि तळलेली भाजी, मग मासा. कोलकात्यात सगळं एकदम कालवून खाल्लं की शेजारचे हळहळतात, एकेक पदार्थ भाताबरोबर क्रमानं खायचा. इथेही तोच क्रम. पण कालवणाचा पहिला घास घेऊन वैजू थांबली. मोहरी होती, पण तिच्यामागे नारळाचं दूध.

"हे कोलकात्यात नाही मिळत," ती म्हणाली. "आमच्याकडच्यासारखं लागतंय थोडं."

निर्मलदांना तिनं विचारलं. ते म्हणाले, त्यांची आजी तिकडे नदीकाठी असताना नारळ घालत नसे. इथे आल्यावर मोहरी मिळेना आणि नारळ पायाखाली पडलेले. हळूहळू कालवण बदललं. आता मोहरी मिळते, पण घरात कुणाला नारळ सोडवत नाही.

जेवून मी झाडाखाली आडवा झालो. पानांमधून ऊन पापण्यांवर हलत होतं, पाण्याखाली वाळूवर हलत होतं तसंच. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत मला ती तडतड पुन्हा ऐकू आल्यासारखी वाटत होती. उठून सांगावं वैजूला, असं मनात आलं. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग डॉक्टर म्हणत होते ते खरंच. आणि दोन वर्षं मी उगाच ऐकण्यावाचून राहिलो हे मला कबूल करावं लागलं असतं. मी डोळे मिटून पडून राहिलो.

लाल पिंपाच्या पलीकडे

परतताना आणखी एका प्रवाळावर थांबलो. भरती नुकतीच पालटली होती, पाणी गुळगुळीत दिसत होतं. सायमन इंदूरकरांना कडं धरून एका बाजूला घेऊन गेला. वैजू म्हणाली, ती दमलीय, बोटीवरच बसते.

मी पाण्यात गेलो तो दृश्यासाठी नाही, आवाजासाठी. चेहरा घातला आणि तडतड सुरू झाली. इथे पोपटमासे जास्त होते, सात-आठ जणांचा कळप. ते कुरतडत आणि पुढे सरकत, मी त्यांच्या मागे. आवाज जवळ येई, लांब जाई, आणि मला कुठून येतोय हे कळे. इतक्या वर्षांत आवाजाला दिशा असते हेच मी विसरलो होतो. हातपाय मारावे लागत नव्हते. पाणीच मला नेत होतं आणि मला वाटत होतं की मी पोहतोय.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग खालची प्रवाळं विरळ झाली, मग वाळूचा उतार आला, आणि मग तळच राहिला नाही. खाली फक्त निळं. त्यात उन्हाचे कवडसे तिरपे उतरत होते आणि खोलवर एका बिंदूशी जाऊन मिळत होते. मासे केव्हाच मागे राहिले होते. तडतडही मागे पडली. मी त्या निळ्यावर लोंबकळत होतो. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो एक विलक्षण निवांतपणा. इथे कुणी मला काही विचारणार नव्हतं.

ठण् ठण् ठण्.

मी ऐकलं. थांबलं, मग पुन्हा तीन. आवाजाला दिशा होती, माझ्या पाठीमागे, डावीकडे. मी डोकं वर काढलं. बोट माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी लांब होती, आणि तिच्या नि माझ्या मध्ये एक लाल पिंप पाण्यावर डोलत होतं. तेव्हा कळलं, सकाळी सायमन हात लांब करून काय सांगत होता: लाल पिंपाच्या पुढे जायचं नाही. माझ्या नजरेसमोर बोट आणखी थोडी लहान झाली. मी वाहत होतो.

तेव्हा मात्र भीती वाटली. मी जोरात पोहायला लागलो, नळीत पाणी गेलं, खोकला आला, मुखवटा सुटून गळ्यात आला. डोळ्यांत खारट पाणी, बोट दिसेना. मी चेहरा पुन्हा पाण्यात घातला, आता नुसता दिशेसाठी. ठण् ठण् ठण्. त्या आवाजाकडे हात मारत राहिलो. थकलो की थांबे, ऐके, पुन्हा मारी. कधीतरी एक हात माझ्या जाकिटाला लागला. सायमन कडं घेऊन आला होता. त्यानं मला कड्यावर घातलं आणि प्रवाहाला तिरपं ओढत नेलं.

बोटीजवळ आल्यावर मी पाहिलं. वैजू शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती, कमरेपर्यंत पाण्यात, निर्मलदा तिचा दंड धरून. तिच्या हातात त्यांचा हातोडा होता आणि ती पाण्याखाली शिडी ठोकत होती. मी तिच्या गुडघ्याला हात लावला तरी ती आणखी तीनदा ठोकून मगच थांबली.

सायमननं आधी शिट्ट्या वाजवल्या होत्या, लांब लांब, पाच-सहा. पाण्यात माणसं होती म्हणून इंजिन लगेच सुरू करता येत नव्हतं. हातोडा वैजूनं मागून घेतला होता. निर्मलदांना वाटलं, बाई घाबरून काहीतरी करतायत.

परत

परतीच्या वाटेवर इंदूरच्या मुलींनी त्यांच्याकडची लिमलेटची गोळी मला दिली. ऊन पिवळं झालं होतं आणि बोटीच्या मागे पाण्याची दुहेरी रेघ कितीतरी लांबवर तशीच राहत होती.

वैजूनं माझ्या कानात यंत्र बसवलं.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "शिट्टीचं, पिंपाचं. पण तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, कळलंय. आणि मी ठरवलं होतं, मध्ये बोलायचं नाही."

"मला काहीच कळलं नव्हतं," मी म्हणालो. "मी नुसती मान हलवली."

"अशी किती वेळा हलवता?"

खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक वेळा," मी म्हणालो. "बँकेतसुद्धा. तुझ्याशी बोलतानासुद्धा."

तिनं यंत्राची डबी मिटली. मग म्हणाली, "मला माझं बोलणं हल्ली फार कंटाळवाणं झालंय असं वाटायचं. तुम्ही नुसतं हो हो करता म्हणून."

मी सरकून तिच्याजवळ बसलो आणि तिला पाण्याखालचं सगळं सांगितलं, मोहरीसारखी तडतड, फुटाणे खाणारा मासा, दिशा. म्हणालो, डॉक्टरांचं बरोबर असावं. आतलं चांगलं असेल. ती ऐकत होती. मीच बोलत होतो आणि ती ऐकत होती, असं फार दिवसांनी झालं. जेट्टी आली तेव्हा निर्मलदांनी दोरी टाकली आणि मला हात देऊन वर घेताना काहीतरी म्हणाले. मी मान हलवली नाही. वैजूकडे वळून विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतात, पुढच्या वेळी कडं घ्या."

कोलकाता

कोलकात्याला परतल्यावर डॉक्टरांकडे मी एकटा गेलो. त्यांना पोपटमाशाचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. पाण्यात आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत पोचतो, म्हणाले, कडक झालेल्या हाडाला वळसा घालून. "दोन वर्षांपूर्वी यंत्रं लावून मी हेच तपासलं होतं, तुम्ही मात्र ते माशाकडून ऐकून घेतलंत." ऑपरेशन उजव्या कानाचं झालं. आठवडाभर घर गरगरत होतं, आणि महिनाभर कुठलाही आवाज नीट लागत नव्हता. मग हळूहळू लागला. सगळा नाही, पण पुष्कळ. कुकरची शिट्टी इतकी कर्कश असते हे मी विसरलो होतो. वैजू पोळ्या लाटताना गुणगुणते हे मला ठाऊकच नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी फिरायला गेलो होतो. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला, बोट दाखवून, नेहमीसारखा. मातीच्या भांड्यातला चहा चार घोटांत संपवला, पैसे ठेवले आणि निघालो. कुणी काही विचारण्याआधी तिथून सटकायची मला सवयच आहे. दहा पावलं गेलो असेन, मागून चहावाल्यानं काहीतरी म्हटलं. तोंड दिसत नव्हतं, मी पाठमोरा होतो. तरी शब्दन् शब्द ऐकू आला. अर्थ अजिबात कळला नाही.

विसरू नये म्हणून ते शब्द पुटपुटत घरापर्यंत आलो. वैजू दारातच रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. मी तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"दादा, एतो ताडा किशेर? बोशून ना."

तिनं डबा खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"चहावाला. काय म्हणतोय?"

"म्हणतोय, एवढी घाई कसली? बसा की."

चप्पल मी अजून काढली नव्हती. तसाच जिना उतरलो.